जुन्या ट्रकचं मडगार्ड आणि केबिन यांच्यामधली पट्टी कशी बसवायची?

लोणंदच्या कांदा बाजारात आता नव्याच गाड्या दिसतात. आमच्या शेडमध्ये मात्र सध्या एक जुना फार्गो उभा आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज आणि फार्गो ट्रक बनत. त्यांची मडगार्डं केबिनला बोल्टने जोडलेली असतात आणि खरी भानगड त्या सांध्यातच असते.

पत्र्याला पत्रा थेट लागला की गाडीच्या हादऱ्याने दोन्ही घासतात. आधी करकर ऐकू येते, मग रंग जातो, पाणी शिरतं आणि आतून गंज धरतो. बाहेरून फुगलेला रंग दिसेपर्यंत पत्रा चाळणी झालेला असतो. म्हणून मध्ये पट्टी हवी. सोफ्याच्या उशीला कडेने पायपिंग असते ना, तशीच ही: बाहेर गोल कड, आत चपटा पदर.

तयार नाही मिळाली तर सीटकव्हरवाल्याकडून रेक्झिनमध्ये दोरी घालून शिवून घ्या. दोरी नायलॉनची हवी. सुती दोरी पाणी धरून ठेवते, मग पट्टी लावून उपयोग काय?

रंगाआधी एकदा पट्टीसकट मडगार्ड लावून बघाच. पट्टीच्या जाडीने मडगार्ड सरकतं आणि दार घासू शकतं. ते रंगानंतर कळलं तर रंगाचे पैसे पाण्यात.

रंग पूर्ण वाळला की मडगार्ड सगळ्या बोल्टांवर सैल लटकवायचं. पट्टी थोडा वेळ उन्हात ठेवायची, मऊ पडते. बोल्ट येतात तिथे पदराला खाचा मारायच्या, पण खाच पदराच्या मोकळ्या कडेपर्यंत उघडी हवी, म्हणजे पट्टी बोल्टांवरून सरळ आत सरकते. वळणावर पदर गोळा होत असेल तर त्रिकोणी तुकडे काढा. ताणला जात असेल तर नुसती चीर पुरते. पट्टी ओढून मात्र बसवू नका. ताणलेली पट्टी नंतर आखडते आणि टोकाला पत्रा उघडा पडतो.

बोल्ट मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे थोडे थोडे आवळायचे. एका हाताने गोल कड पत्र्याला टेकवून धरायची, हे काम दोघांचंच आहे. काही जण पट्टीऐवजी सिलिकॉन भरतात. मला ते पटत नाही. पुढे मडगार्ड काढताना रंग सोलून येतो आणि सिलिकॉनच्या डागावर नवा रंग धरत नाही.

टोकाला इंचभर जास्त ठेवा. त्यातली दोरी कापून रेक्झिन आत दुमडा आणि चिकटवा. शे-दोनशे किलोमीटर गाडी फिरली की पट्टी दबते, तेव्हा बोल्ट पुन्हा एकदा तपासायचे.