आरसा, परीक्षक आणि मन

आमच्या बोरगाव-सौंसर भागात व्यायामाचा विषय निघाला की मारुतीचे नाव ओघानेच येते. जामसावळीचा निद्रिस्त हनुमान जवळचा. १९१४ साली वैद्य बंधूंनी स्थापलेले अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळही परके नव्हे. या परंपरेत शरीर कमवावयाचे ते कुस्तीसाठी आणि कष्टासाठी. शरीरसौष्ठव स्पर्धेत ते केवळ दाखवावयाचे असते, आणि मनाची कसोटी लागते ती येथेच.

कुस्तीत पाठ मातीला लागली की निकाल लागला; हरणाऱ्यालाही तो पटतो. सौष्ठव स्पर्धेत प्रतिस्पर्ध्याला कोणी हातही लावीत नाही. एका वजनगटातील तरुण अंगाला तेल लावून रांगेत उभे राहतात आणि परीक्षक स्नायूंचा आकार, रेखीवपणा व प्रमाणबद्धता डोळ्यांनी जोखतात. सॅंडोने १९०१ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये अशी स्पर्धा भरविली, तेव्हा त्याच्यासह परीक्षक होते कादंबरीकार कॉनन डॉइल आणि शिल्पकार चार्ल्स लॉज. जिवंत माणसास पुतळ्याच्या मापाने मोजण्याची रीत तेव्हापासूनचीच म्हणावयाची!

स्पर्धेपूर्वीचे आठवडे फार कठीण. आहार तोडून चरबी उतरवावयाची, शेवटी काहीजण पाणीही तोडतात. तो तर जिवाशी खेळ होय. झोप उडते, चिडचिड वाढते. ज्या दिवशी शरीर सर्वांत देखणे दिसते, त्याच दिवशी ते बहुधा सर्वांत थकलेले असते. टाळ्या वाजविणाऱ्यांना हे ठाऊक नसते.

आणि एवढे करून दुसरा क्रमांक आला तर? बार्सिलोना येथील १९९२ च्या ऑलिंपिकमधील विजेत्यांचे चेहरे अभ्यासून अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये दाखविले की रौप्यपदक मिळविणाऱ्यापेक्षा कांस्यपदक मिळविणारा अधिक आनंदी दिसतो. एकाला हुकलेले सुवर्ण दिसते, दुसऱ्याला रिकाम्या हातांनी परतणारा. बंगालचे मनोहर आइच मात्र वेगळ्या घडणीचे. उंची अवघी चार फूट अकरा इंच. १९५१ च्या मिस्टर युनिव्हर्स स्पर्धेत दुसरे आल्यावर ते लंडनमध्येच राहिले, ब्रिटिश रेल्वेत नोकरी केली आणि १९५२ साली, वयाच्या चाळिशीत, आपल्या उंचीच्या गटात विजयी झाले.

सर्वांनाच हे साधत नाही. कितीही कमावले तरी आरशात स्वतःला कृशच पाहणारे तरुण असतात. हॅरिसन पोप आदी डॉक्टरांनी १९९० च्या दशकात या विकाराचे वर्णन केले. ऐन उन्हाळ्यात ढगळ सदरा घालणे, लग्नाची पंगत टाळणे, पगाराचा मोठा वाटा डब्यांवर व चोरट्या इंजेक्शनांवर घालविणे, ही त्याची घरात दिसू शकणारी लक्षणे. पालकांनी ती शिस्त समजू नयेत, डॉक्टरांना दाखवावे.

आम्हांस अधिक काळजी वाटते ती स्पर्धा संपल्यानंतरच्या महिन्याची. नेहमीचे जेवण सुरू होताच अंग भरते, रेखीवपणा जातो. हे स्वाभाविकच आहे. पण घरातील मंडळी सहज म्हणून जातात, “अरे, सुटलास की!” मुलगा हसून घेतो, आणि रात्री ताटावरून लवकर उठतो.