मटकोरच्या रात्रीपासून पंतप्रधानपदापर्यंत

त्रिनिदादच्या चटणी संगीताचं मला भारी वेड. त्याचं मूळ मात्र लग्नाच्या आदल्या शुक्रवारी होणाऱ्या मटकोरमध्ये आहे. पुरुषांना मज्जाव, ढोलक, अन् बायकांची चावट गाणी! तीच पुढे स्टेजवर आली. 1987 मध्ये द्रुपती रामगुनाईने 'चटणी सोका' गायलं, तेव्हा सनातनी मंडळी खवळली होती.

ही गाणी तिथे नेली भारतातून गेलेल्या मजूर बायकांनी. 30 मे 1845 रोजी भारतीय मजुरांना घेऊन 'फातेल रझाक' जहाज त्रिनिदादला लागलं, तेव्हा त्यावर बायका मोजक्याच होत्या. म्हणून नंतर नियमच झाला: शंभर पुरुषांमागे चाळीस बायका. त्यांत विधवा, घर सोडलेल्या, एकट्याच निघालेल्या अशा कितीतरी. उसाच्या मळ्यात त्या स्वतःची मजुरी कमवत, पुरुषांपेक्षा कमी असली तरी.

गंमत बघा, गिरमिट (मजुरीचा करार) संपल्यावर कुटुंबाने जमीन घेतली आणि बाई घरच्या शेतात बिनपगारी झाली! हिंदू पद्धतीच्या लग्नाला तर 1945 पर्यंत कायदेशीर मान्यताच नव्हती, म्हणजे कागदोपत्री मुलं अनौरस.

बदल आणला शाळांनी. सॅन फर्नांडोची नपारिमा गर्ल्स ही कॅनडाच्या मिशनऱ्यांची शाळा. सत्तरच्या दशकात तेलाचा पैसा आला, मुली शिक्षिका, वकील, डॉक्टर झाल्या. 2010 मध्ये कमला प्रसाद-बिसेसर देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या.

आणि लग्नाचं किमान वय सर्वांसाठी 18 झालं, ते थेट 2017 मध्ये.