जीव कुठून आला? काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

नांदेडला १७०८ साली गुरू गोबिंदसिंगांनी ज्या ग्रंथाला गुरुपद दिले, त्या गुरू ग्रंथसाहिबात जिवांच्या चार खाणी सांगितल्या आहेत. जालना जिल्ह्यातल्या जांबेत जन्मलेल्या समर्थ रामदासांच्या दासबोधातही त्याच आहेत : अंडज, जारज, स्वेदज, उद्भिज. म्हणजे अंड्यातून, वारेसह, घामा-ओलाव्यातून आणि जमीन फोडून येणारे जीव. यातल्या ‘स्वेदज’पाशी धर्म आणि विज्ञान यांची गाठ पडते आणि गैरसमजही तिथूनच सुरू होतात.

गैरसमज : ओल लागली की धान्यात किडे आपोआप होतात.
वस्तुस्थिती : तुरीतल्या भुंग्याची मादी शेतातच शेंगांवर अंडी घालते. कीड तिथूनच घरात येते. मांसातल्या अळ्या माश्यांच्या अंड्यांतून होतात, हे इटलीच्या रेडीने १६६८ मध्ये दाखवले.

गैरसमज : सजीवांतली द्रव्ये फक्त सजीवच बनवतात.
वस्तुस्थिती : मूत्रातला युरिया रसायनशास्त्रज्ञ व्होलरने १८२८ मध्ये प्रयोगशाळेत तयार केला. आज उसाला, हळदीला टाकतो तो युरिया कारखान्यात अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइडपासून बनतो. दोन्हींचा रेणू एकच.

गैरसमज : रसायनांतून जीव होणे अशक्य, हे पाश्चरने सिद्ध केले.
वस्तुस्थिती : उकळलेल्या रसात बाहेरून जंतू शिरले नाहीत तर तो नासत नाही, एवढेच त्याने दाखवले. आरंभीच्या पृथ्वीची स्थिती वेगळी होती. हवेत मुक्त ऑक्सिजन जवळपास नव्हता आणि तयार झालेली द्रव्ये फस्त करायला जंतूही नव्हते. रशियाच्या ओपारिनने १९२४ मध्ये आणि पुढे भारतात स्थायिक झालेल्या हाल्डेनने १९२९ मध्ये तेव्हा रसायनांतून जीव घडला असावा, हा विचार मांडला.

गैरसमज : रसायनशास्त्रज्ञ मिलरने काचपात्रात जीव निर्माण केला.
वस्तुस्थिती : १९५३ च्या त्या प्रयोगात मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि वाफ यांच्यात विजेच्या ठिणग्या सोडल्या. त्यातून अमिनो आम्ले मिळाली, जीव नाही. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात पडलेल्या मर्चिसन उल्केतही अशी आम्ले सापडली. मात्र स्वतःची प्रत काढणाऱ्या पेशीपर्यंतची वाट अजून उलगडलेली नाही.

गैरसमज : ही वाट उलगडली की देव संपला, नाही उलगडली तर देव सिद्ध झाला.
वस्तुस्थिती : रसायनशास्त्र ‘कसे घडले’ एवढेच शोधते. चारही खाणींत एकच चैतन्य पाहा, ही संतांची शिकवण त्या शोधावर अवलंबून नाही. ‘स्वेदज’ हे त्या काळचे निरीक्षण होते. ते दुरुस्त केल्याने ग्रंथाला उणेपणा येत नाही. श्रद्धा विज्ञानाच्या अपुऱ्या उत्तरांवर उभी केली, तर प्रत्येक नव्या शोधाची धास्ती वाटत राहील. म्हणून मुलांना दोन्ही शिकवावे आणि कोणता प्रश्न कोणाला विचारायचा, हेही.