विश्लेषण : ना वर्दी, ना वॉरंट! थरार कादंबऱ्यांत गुन्ह्याचा तपास पत्रकाराकडे का दिला जातो?

लॉस एंजेलिस टाइम्सच्या न्यूजरूममध्ये एका अनुभवी क्राइम रिपोर्टरला नारळ दिला जातो. पण लगेच घरी जायचे नाही. दोन आठवडे थांबून आपल्या जागी येणाऱ्या, कमी पगारातल्या तरुण मुलीला आपली बीट शिकवायची. तो ठरवतो, जाता जाता अशी बातमी करायची की कार्यालयाला पश्चात्ताप व्हावा.

मायकल कॉनेली यांच्या 2009 मधल्या ‘द स्केअरक्रो’ कादंबरीची ही सुरुवात आहे. खून, खुनी आणि पाठलाग यात आहेच, पण वाचकाला आधी धक्का बसतो तो नोकरी जाण्याचा. पत्रकार नायक असलेल्या रहस्यकथांची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. पोलीस, खासगी गुप्तहेर, वकील असे सगळे हाताशी असताना लेखक पुन्हा पुन्हा पत्रकाराकडे का वळतात?

सुरुवात कुठून झाली?

ठळक नाव फ्रान्समधले. गॅस्टन लरू हे पॅरिसच्या ‘ल मातँ’ दैनिकाचे बातमीदार. ‘फँटम ऑफ द ऑपेरा’मुळे त्यांचे नाव आपल्याकडे माहीत आहे. त्यांची ‘द मिस्टरी ऑफ द यलो रूम’ 1907 मध्ये आली. दार आतून बंद, खोलीत जखमी तरुणी आणि हल्लेखोर गायब. हे कोडे सोडवतो रूलताबिय नावाचा अवघ्या 18 वर्षांचा बातमीदार. बंद खोलीच्या रहस्यकथांत ही कादंबरी आजही वरच्या रांगेत मोजली जाते.

यातला रूलताबियचा युक्तिवाद पुढच्या सगळ्या परंपरेला लागू पडतो. आपण पोलीस नाही, माणसांना अटक करणे हे आपले काम नाही, अशी त्याची भूमिका असते. तो सत्य शोधतो, पण बेड्या ठोकण्याची जबाबदारी घेत नाही. कथेचा शेवट त्यामुळे कसा वळतो, हे इथे सांगत नाही. 119 वर्षे टिकलेले रहस्य आम्ही कशाला फोडा!

(टिनटिनही कागदोपत्री बातमीदारच. 1929 मध्ये तो बातमीदार म्हणूनच अवतरला. पुढच्या साहसांत मात्र तो बातमी पाठवताना जवळजवळ दिसत नाही. त्याचा संपादक कोण होता, हे खरे रहस्य.)

पोलिसापेक्षा पत्रकार वेगळा कसा?

कादंबरीतल्या पोलीस अधिकाऱ्याकडे अधिकार असतो. तो झडती घेऊ शकतो, संशयिताला ठाण्यात बसवू शकतो, कॉल रेकॉर्ड मागवू शकतो. पत्रकाराला फक्त विचारता येते. समोरच्याने दार लावून घेतले की विषय संपला. मग तो शेजाऱ्याकडे जातो, जुनी कात्रणे काढतो, नाराज कर्मचारी शोधतो. ही अडचणच कथेला वेग देते.

दुसरा फरक जास्त महत्त्वाचा. पोलिसाला गुन्हेगार कळला की कथा संपत आली. पत्रकाराला कळले, तरी खरा पेच तिथून सुरू होतो. हे छापता येईल का? पुरावा आहे का? ज्याने सांगितले त्याचे काय होईल? ‘माहीत असणे’ आणि ‘छापता येणे’ यांच्यामधल्या अंतरात या कादंबऱ्यांचा थरार असतो. न्यूजरूममध्ये काम करणाऱ्या कुणालाही हे अंतर नीट ठाऊक असते. फरक इतकाच, की आमच्याकडे त्याला थरार म्हणत नाहीत, ‘कन्फर्मेशन आले का?’ असे विचारतात.

स्वीडनमध्येच हा प्रकार इतका का फुलला?

स्वीडनच्या लिझा मार्कलुंड स्वतः पत्रकार. त्यांची ‘द बॉम्बर’ 1998 मध्ये आली. नायिका ॲनिका बेंग्टझोन ही टॅब्लॉइड दैनिकातली क्राइम विभागाची प्रमुख. घरी दोन लहान मुले, नवरा आणि नाताळची तयारी. कार्यालयात स्टेडियममधल्या स्फोटाची बातमी आणि तिच्या बढतीवर नाराज असलेले सहकारी.

जगभर गाजले ते मात्र स्टिग लार्सन. ते वृत्तसंस्थेत काम करत आणि 1995 मध्ये त्यांनी काही सहकाऱ्यांसह ‘एक्स्पो’ हे उजव्या अतिरेकी संघटनांवर नजर ठेवणारे नियतकालिक सुरू केले. नोव्हेंबर 2004 मध्ये, वयाच्या पन्नाशीत, हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. लिफ्ट बंद असल्याने ते जिने चढून कार्यालयात गेले होते. ‘मिलेनियम’ मालिकेतल्या त्यांच्या तीनही कादंबऱ्या 2005 ते 2007 दरम्यान, मृत्यूनंतर प्रसिद्ध झाल्या.

पहिलीच्या सुरुवातीला नायक मिकाएल ब्लूमक्विस्ट हरलेला आहे. उद्योगपतीविरुद्धची बातमी त्याला सिद्ध करता आलेली नाही आणि बदनामीच्या खटल्यात तीन महिन्यांची कैद झाली आहे. तशात 1966 मध्ये बेपत्ता झालेल्या हॅरिएट या मुलीचा शोध त्याच्याकडे येतो. महत्त्वाचा धागा कुठे सापडतो? स्थानिक वर्तमानपत्राच्या संग्रहात पडून राहिलेल्या, कधीच न छापलेल्या फोटोंच्या निगेटिव्हमध्ये. गर्दीतल्या त्या मुलीचा चेहरा एका फ्रेमपासून पुढच्या फ्रेमपर्यंत बदलतो, एवढेच. लिस्बेथ सालँडरचे हॅकिंग सगळ्यांच्या लक्षात राहते. आमच्या मते मालिकेतला सर्वात सुंदर तपास हा निगेटिव्हचाच आहे. आणि शेवटी सगळ्यात मोठी बातमी हातात आल्यावर ती छापायची की नाही, यावर ब्लूमक्विस्टची खरी परीक्षा होते.

यामागे त्या देशाचा कायदाही आहे. सरकारी कागदपत्रे पाहण्याचा नागरिकांचा हक्क स्वीडनने 1766 मध्येच मान्य केला. आपला माहिती अधिकार कायदा 2005 चा. तिथल्या वृत्तपत्र स्वातंत्र्य कायद्यानुसार, नाव गुप्त ठेवण्याच्या अटीवर माहिती देणाऱ्याचे नाव पत्रकाराने उघड करणे हा गुन्हा ठरतो आणि तो सूत्र कोण, याचा शोध घेण्यास सरकारी यंत्रणांना मनाई आहे. काही अपवाद आहेत, पण नियम हाच. अशा देशात ‘सूत्राचे नाव सांगणार नाही’ हे वाक्य नुसता बाणेदारपणा राहत नाही.

लार्सन यांच्या स्वतःच्या कथेचा शेवट मात्र कडवट आहे. इवा गॅब्रिएल्सन यांच्यासोबत ते तीन दशकांहून अधिक काळ राहिले, पण लग्न केले नव्हते आणि कायदेशीर मृत्युपत्रही नव्हते. त्यामुळे पुस्तकांचे हक्क वडील आणि भावाकडे गेले. लग्न टाळण्यामागे पत्ता सार्वजनिक होऊ न देण्याची काळजी होती, असे गॅब्रिएल्सन यांनी सांगितले आहे. मालिका पुढे डेव्हिड लागरक्रान्स आणि नंतर कारिन स्मिरनॉफ यांनी लिहिली.

मग अमेरिकेतल्या जॅक मॅकएव्हॉयचे काय?

कॉनेली स्वतः फ्लोरिडात आणि नंतर लॉस एंजेलिस टाइम्समध्ये क्राइम रिपोर्टर होते. हॅरी बॉश या पोलिसामुळे ते प्रसिद्ध झाले, पण त्यांचा पत्रकार जॅक मॅकएव्हॉय तीन कादंबऱ्यांचा नायक आहे. त्या सलग वाचल्या तर अमेरिकी वृत्तपत्रांची घसरण डोळ्यांसमोरून जाते.

‘द पोएट’ 1996 ची. मॅकएव्हॉय तेव्हा डेन्व्हरच्या ‘रॉकी माउंटन न्यूज’मध्ये आहे. पोलीस दलातल्या जुळ्या भावाची आत्महत्या त्याला पटत नाही. तपासासाठी त्याच्याकडे वेळ आहे, प्रवासाचा खर्च आहे, पाठीशी मोठे दैनिक आहे. हे दैनिक प्रत्यक्षातही होते. 27 फेब्रुवारी 2009 रोजी ते बंद पडले, दीडशे वर्षे पूर्ण व्हायला दोन महिनेही उरले नव्हते.

त्याच वर्षी ‘द स्केअरक्रो’ आली. पोलिसांच्या प्रेस नोटवरून मॅकएव्हॉय एक छोटी बातमी देऊन मोकळा झालेला असतो : महिलेच्या खुनात 16 वर्षांचा मुलगा अटकेत. मग एक बाई फोन करून सांगते, पोराने काही केलेले नाही. मॅकएव्हॉयचा आधी विश्वास बसत नाही. मात्र कबुलीजबाबाचा मजकूर वाचल्यावर लक्षात येते, की त्यात खुनाची कबुलीच नाही. प्रेस नोट कॉपी-पेस्ट करणाऱ्या प्रत्येक डेस्कने, म्हणजे आम्हीही, ही पाने दोनदा वाचावीत.

खलनायक सर्व्हर सांभाळणारा आहे, हे वाचकाला सुरुवातीलाच कळते. तो मॅकएव्हॉयची क्रेडिट कार्डे आणि फोन बंद पाडून त्याला अनोळखी गावात अडकवतो. इंजिनीअरिंग करून या धंद्यात आलेल्याला हा भाग सर्वाधिक घाबरवतो, कारण त्यात अशक्य असे फार काही नाही.

तिसरी ‘फेअर वॉर्निंग’, 2020 ची. आता मॅकएव्हॉय ग्राहकहिताच्या बातम्या देणाऱ्या छोट्या वेबसाइटवर आहे. खुनाची बातमी करायला निघाल्यावर आधी संपादकाला पटवावे लागते, की हा आपला विषय आहे. धागा निघतो तो स्वस्तात डीएनए चाचणी करून देणाऱ्या आणि ती माहिती पुढे विकणाऱ्या कंपनीपाशी. या नावाची वेबसाइट खरोखर होती आणि कॉनेली तिच्या संचालक मंडळावर होते.

आपल्याकडे काय चित्र आहे?

मराठीत पत्रकार नायक म्हटले की आठवतो दिगू टिपणीस. अरुण साधू यांच्या कादंबऱ्यांवर बेतलेल्या ‘सिंहासन’ (1979) मध्ये निळू फुले यांनी तो उभा केला. ती गुन्हेकथा नाही. पण ‘माहीत असणे’ आणि ‘छापता येणे’ यांच्यातल्या अंतरात दिगू जितका अडकला, तितका ब्लूमक्विस्टही नाही. त्याचे शेवटचे हसणे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना वेगळे सांगायला नको.

प्रत्यक्षात इथला क्राइम रिपोर्टर अधिक उघड्यावर आहे. ‘मिड-डे’चे ज्येष्ठ पत्रकार जे. डे यांची 11 जून 2011 रोजी पवईत गोळ्या घालून हत्या झाली. 2018 मध्ये छोटा राजनसह नऊ जणांना जन्मठेप झाली. याच प्रकरणात आरोपी केलेल्या पत्रकार जिग्ना व्होरा निर्दोष सुटल्या. त्यांच्या तुरुंगातल्या आठवणींवर ‘स्कूप’ ही मालिका 2023 मध्ये आली.

सूत्रांच्या संरक्षणासाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. 1978 च्या प्रेस कौन्सिल कायद्यातली तरतूद कौन्सिलपुढच्या कामकाजापुरती आहे. वकील आणि अशिलाच्या संवादाला न्यायालयात जे संरक्षण आहे, ते पत्रकाराला नाही. विधी आयोगाने 1983 मध्ये आपल्या 93 व्या अहवालात यासाठी पुरावा कायद्यात बदल सुचवला होता. बदनामी हा आजही फौजदारी गुन्हा असून भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 नुसार दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ब्लूमक्विस्टला तीन महिने झाली होती.

वाचायला कुठून सुरुवात करावी?

मॅकएव्हॉय क्रमानेच वाचावा, कारण ‘द स्केअरक्रो’त ‘द पोएट’चे संदर्भ येतात. लार्सन यांच्या पहिल्या कादंबरीची सुरुवातीची शंभर पाने आर्थिक घोटाळा आणि कुटुंबाच्या वंशावळीत जातात, तिथे पुस्तक मिटू नये. ॲनिकासाठी ‘द बॉम्बर’. वेळ कमी असेल तर ‘यलो रूम’ घ्यावी : लहान आहे, स्वामित्वहक्क संपल्याने तिचा जुना इंग्रजी अनुवाद इंटरनेटवर मोफत मिळतो.