सुरगाठ कुठे, निरगाठ कुठे

कोल्हापूरच्या माणसाला होडी म्हटलं की आधी पंचगंगेचा पूर आठवतो आणि पुरातून माणसं पैलतीराला नेणारी गुऱ्हाळाची काहील आठवते. काहील रुंद, सपाट बुडाची. ती गरगर फिरते, पण चटकन कलंडत नाही. लांबट होडीचं उलटं. ती सरळ जाते, पण एका अंगाचं वजन तिला सोसत नाही. अशा होडीतून धरणाच्या पाण्यात गळ ओढायला जायचं, तर तयारी काय करावी, ते आज सांगतो.

ही मासेमारी तशी सोपी. होडी सावकाश चालवायची आणि मागे गळ ओढत न्यायचा. याला ट्रोलिंग म्हणतात. कोकणात समुद्रावर सुरमई अशीच धरतात. गळाला चकाकणारा पत्रा किंवा लाकडाचा मासा असतो. पळणारं भक्ष्य समजून शिकारी मासा त्यावर झडप घालतो. म्हणून इथे कटला, रोहूची आशा धरू नये. कटला पाण्यातले बारीक जीव खातो, रोहू शेवाळ आणि वनस्पती. गळामागे धावतात ते महासीर आणि शिंगाळ्यासारखे मासे. काठच्या गवताजवळून गेलं, तर मरळही येते.

बरीच वर्षं झाली. भुदरगड तालुक्यात पाटगावच्या मौनी सागरात मी आणि एक मित्र होडी घेऊन गेलो होतो. मित्र वल्ह्यावर, मी गळावर. भाकरी खायला हात मोकळे हवेत म्हणून मी जाड तंगूस होडीच्या काठाला बांधला, तोही चांगला निरगाठ मारून. वारा पाठीशी होता. बुडालेल्या झाडाच्या बुंध्यात गळ अडकला, तंगूस ताणला आणि होडीचा तो काठ खाली गेला. गाठ सोडायला आम्ही दोघंही त्याच बाजूला वाकलो! मग पाणी भसाभस आत आलं. कांदा चिरायचा चाकू हाताशी होता, म्हणून तंगूस कापता आला. लाइफ जॅकेट फळीखाली घडी घालून ठेवलेली होती.

घरी आल्यावर हिशोब केला. दहा बादल्या पाणी म्हणजे जवळजवळ दीडशे किलो, म्हणजे दोन माणसं. आणि ही माणसं स्वस्थ बसत नाहीत. होडी जिकडे कलेल तिकडेच धावतात. तेव्हापासून माझा नियम एकच. जे ओढ खातं, त्याला सुरगाठ. जे होडीतच राहायला हवं, त्याला निरगाठ.

आधी सुरगाठीचं पाहू. तंगूस होडीला किंवा हाताला कधी बांधू नये. दोन्ही काठांना पीव्हीसी पाइपचे हातभर तुकडे बाहेरच्या बाजूला तिरके बसवावेत आणि काठ्या त्यांत ठेवाव्यात. दोन्ही तंगूस लांब राहतात, गुंतत नाहीत. रिळाचा ब्रेक सैल असावा, म्हणजे हिसका बसला की तंगूस सुटत जातो. गळाजवळचा हातभर तुकडा मुख्य तंगूसापेक्षा थोडा कच्चा घ्यावा. तुटलाच तर तिथे तुटेल. त्या जोडावर फिरकी लावावी, नाहीतर गळ फिरून तंगुसाला पीळ पडतो.

गळ वीस-पंचवीस मीटर मागे सोडावा. होडीचा वेग रमतगमत चालणाऱ्या माणसाइतका. वळण मोठं घ्यावं. वळताना आतल्या बाजूचा गळ मंदावून खाली बसतो आणि बुंध्यात अडकतो. उन्हाळ्यात पाणी उतरलेलं असताना हे जास्त जपावं. अडकलाच तर ओढाताण करू नये. होडी थांबवावी, तंगूस सैल सोडावा, मागे वल्हवत गळाच्या पलीकडे जावं आणि उलट्या दिशेनं हलके ओढावं. नाही सुटला तर कापावा. नांगराचा दोरही नेहमी पुढच्या टोकाला, तोही सुरगाठीनं. बाजूला किंवा मागे बांधला तर होडी पाणी घेते.

आता निरगाठ. वल्ही, पाणी उपसायचा डबा आणि चाकू, तिन्ही दोरीनं होडीला पक्के. इंजिन असेल तर ते बंद करणारी दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला. सामान तळाशी, मधोमध. उभं राहायचं नाही. लाइफ जॅकेट अंगात, बंद आवळून, फळीखाली नव्हे. ऑगस्ट २०१९च्या महापुरात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, ते आपण विसरलेलो नाही.

निघताना वाऱ्याच्या तोंडावर जावं, म्हणजे दमल्यावर परतताना वारा पाठीशी असतो. धरणातल्या मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सोसायटीकडे असतो, तिथे आधी विचारावं. राधानगरी अभयारण्याच्या पाण्यात गळ टाकायचा नाही. पहिल्या पावसात चढणीचे मासे अंडी घालायला निघतात, तेव्हा गळ खुंटीलाच बरा.

मासा मिळेल किंवा न मिळेल. पण होडी काठावरून ढकलण्याआधी प्रत्येक गाठ एकदा ओढून पाहा. सुटायची ती सुटते ना आणि राहायची ती राहते ना, एवढं बघितलं की मग खुशाल निघा.