पेराएवढी कुपी

मुलांनो, ‘कॅप्सूल’ हा शब्द तुम्हांला नवा नाही. ताप आला की डॉक्टर कॅप्सूल देतात आणि आपण ती पाण्याबरोबर गिळतो. पण एक कॅप्सूल अशीही आहे, जी मुळीच गिळायची नसते. ती दंतवैद्याच्या कपाटात असते. ती प्लास्टिकची असते आणि आपल्या बोटाच्या एकदोन पेरांएवढी लहान असते. तिच्यात दात भरण्याचे साहित्य साठवलेले असते. विशेष म्हणजे ते साहित्य कालवण्याचे भांडेही तीच असते. या छोट्या कुपीची माहिती आज आपण घेऊ.

प्रथम दात भरावा का लागतो, ते पाहू. आपण गोड पदार्थ खातो. त्यांचे कण दातांच्या फटींत अडकून राहतात. तोंडातील सूक्ष्म जंतू त्या साखरेपासून आम्ल तयार करतात. दाताचे वरचे कवच शरीरातील सर्वांत कठीण भाग आहे. पण हे आम्ल त्या कवचातील क्षार हळूहळू विरघळवते. मग दाताला बारीक खड्डा पडतो. यालाच आपण ‘दात किडला’ असे म्हणतो. खरे तर दातात कोणतीही अळी किंवा किडा नसतो. हा खड्डा वेळीच साफ करून भरला, तर दात वाचतो. नाहीतर कीड आतल्या नसेपर्यंत पोहोचते. मग ठणका लागतो, गालाला सूज येते आणि कधी कधी दातच काढावा लागतो.

खड्डा भरायचा तर साहित्य कसे हवे? भरताना ते मऊ हवे, म्हणजे कानाकोपऱ्यांत जाईल. भरल्यावर मात्र ते थोड्याच वेळात दगडासारखे घट्ट झाले पाहिजे. म्हणून दंतवैद्य दोन वेगवेगळ्या वस्तू आयत्या वेळी एकत्र करतात. त्या वेगळ्या असतात, तोपर्यंत काही होत नाही. एकत्र आल्या की त्या घट्ट होऊ लागतात.

माणगावात किंवा आसपासच्या गावांत चिऱ्याचे घर बांधताना तुम्ही गवंड्याला पाहिले असेल. तो सिमेंट, वाळू आणि पाणी एकत्र करून माल कालवतो. पाणी जास्त झाले, तर माल कच्चा राहतो. पाणी कमी पडले, तर माल नीट मिसळत नाही. कालवून फार वेळ ठेवला, तर तो घमेल्यातच घट्ट होतो. दाताच्या बाबतीतही नेमके हेच आहे. फरक एवढाच, की येथे माल वाटाण्याएवढा असतो. म्हणून येथे जराशी चूकही मोठी ठरते.

तुमच्या घरातील मोठी माणसे ‘दातात चांदी भरली’ असे म्हणतात. ही नुसती चांदी नसते. चांदी, कथील आणि तांबे यांची पूड पाऱ्यात मिसळून हे साहित्य बनवतात. त्याला ‘अमॅल्गम’ म्हणतात. त्यात वजनाने जवळजवळ अर्धा पारा असतो. पारा हा अजब धातू आहे. तो उणे ३९ अंश सेल्सिअसला गोठतो. म्हणून आपल्याकडे तो नेहमी पातळच दिसतो. तो पाण्यापेक्षा सुमारे साडेतेरा पट जड आहे. धातूची पूड त्यात मिसळली की नवे स्फटिक तयार होतात आणि काही मिनिटांत मिश्रण घट्ट होऊ लागते. पूर्ण ताकद यायला मात्र सुमारे एक दिवस लागतो. म्हणूनच चांदी भरल्यावर ‘आज त्या बाजूने चावू नका’ असे डॉक्टर सांगतात.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये चांदीच्या नाण्यांचा कीस पाऱ्यात कालवून दात भरत असत. पुढे अमेरिकेतील डॉ. ग्रीन ब्लॅक यांनी १८९५ च्या सुमारास या धातूंचे प्रमाण नीट ठरवून दिले. तरी कालवण्याचे काम हातानेच चाले. छोट्या खलात पूड घ्यायची, त्यावर पारा ओतायचा आणि बत्त्याने घोटायचे. पारा जास्त झाला, तर मिश्रण कापडात घेऊन पिळायचे. काही जण ते तळहातावरही मळत. १९५९ मध्ये डॉ. विल्मर ईम्स यांनी पूड आणि पारा समान वजनाने घ्यावा, असे सुचवले. त्यामुळे पिळण्याची गरज उरली नाही. पण मापण्याचे आणि घोटण्याचे काम तरीही राहिलेच.

यात धोका कोणता होता? पारा साध्या हवेतही थोडा थोडा उडत असतो. त्याच्या वाफेला रंग नाही आणि वासही नाही. खोलीत पारा सांडला, तर त्याचे बारीक मणी फरशीच्या फटींत जाऊन बसतात आणि कितीतरी दिवस वाफ सोडत राहतात. ही वाफ श्वासाबरोबर पुष्कळ काळ शरीरात गेली, तर मेंदू, मज्जासंस्था आणि मूत्रपिंड यांना अपाय होतो. आता विचार करा. रोगी वर्षातून एकदा दवाखान्यात येतो आणि अर्ध्या तासात घरी जातो. पण खल घोटणारा मदतनीस रोज त्याच खोलीत असतो. म्हणजे सर्वांत जास्त धोका त्यालाच. गंमत म्हणजे, रोग्याला त्याचे नावही माहीत नसते.

हा धोका कमी करण्यासाठी कुपी उपयोगी पडली. कारखान्यातच धातूची पूड आणि पारा अचूक मापून एका बंद कुपीत भरतात. कुपीत दोन कप्पे असतात. एकात पूड आणि दुसऱ्यात पारा. मध्ये पातळ पडदा असतो. काही कुप्यांत एक छोटा दांडाही असतो. तो बत्त्याचे काम करतो. कुपी यंत्राच्या चिमट्यात बसवून झाकण लावतात आणि कळ दाबतात. यंत्र कुपीला जोरजोराने हलवते. मिनिटाला चार हजारांहून अधिक झटके बसतात. पडदा फाटतो, पूड आणि पारा एकजीव होतात. आठ-दहा सेकंदांत, म्हणजे सहाशे-सातशे झटक्यांत, काम पूर्ण! कुपी उघडली की आत चकचकीत मऊ गोळी तयार असते. कोणाचेही बोट पाऱ्याला लागत नाही. लहान खड्ड्यासाठी ४०० मिलिग्रॅम पुडीची कुपी असते. मोठ्या खड्ड्यांसाठी ६०० आणि ८०० मिलिग्रॅमच्या कुप्याही मिळतात.

कुपीत केवळ चांदीच असते असे नाही. लंडनमधील एका सरकारी प्रयोगशाळेत ॲलन विल्सन आणि ब्रायन केंट या शास्त्रज्ञांनी एक नवे सिमेंट तयार केले. त्याची माहिती त्यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केली. त्याला ‘ग्लास आयनोमर’ म्हणतात. त्यात एका खास काचेची मैद्यासारखी बारीक पूड असते आणि एक आम्लयुक्त द्रव असतो. या सिमेंटमध्ये पारा मुळीच नसतो. ते दाताला आपोआप चिकटते, दाताच्या रंगाशी मिळतेजुळते दिसते आणि त्यातून फ्लोराइड हळूहळू बाहेर पडते. फ्लोराइडमुळे दात बळकट होण्यास मदत होते. मात्र जोराने चावावे लागते, अशा जागी हे सिमेंट चांदीइतके टिकत नाही.

याच्या कुपीत द्रवाची छोटी पिशवी असते. कुपीचे टोक दाबले की ती फुटते. मग यंत्रात दहा सेकंद हलवायचे. त्यानंतर कुपी एका पिस्तुलासारख्या साधनात बसवतात आणि खटका दाबतात. कुपीच्या नळीतून सिमेंट थेट खड्ड्यात उतरते. आता डॉक्टरांनी हात आवरून चालत नाही. दोन-तीन मिनिटांत सिमेंट घट्ट होऊ लागते.

हेच सिमेंट हातानेही कालवता येते. कागदाच्या वहीवर चमचाभर पूड घ्यायची आणि शेजारी द्रवाचा थेंब टाकायचा. पण बाटली तिरपी धरली किंवा थेंबात हवेचा बुडबुडा आला, तर थेंब लहान-मोठा होतो. द्रव जास्त झाला, तर सिमेंट कमजोर बनते. हात रोज सारखा चालत नाही. कुपीतले प्रमाण मात्र सकाळी, संध्याकाळी, पहिल्या रोग्याला आणि शेवटच्या रोग्याला सारखेच असते.

आपल्या रायगड जिल्ह्याच्या हवेत या गोष्टीला आणखी महत्त्व आहे. माणगाव मुंबई-गोवा महामार्गावर आणि कोकण रेल्वेवर आहे. येथे पावसाळ्यात धो धो पाऊस कोसळतो. मिठाची बरणी उघडी राहिली, तर मीठ कसे पाझरते, हे तुम्ही घरी पाहिलेच असेल. सिमेंटच्या पुडीची बाटली उघडी राहिली, तर तीही हवेतला ओलावा शोषून घेते आणि बिघडते. उन्हाळ्यातला उकाडाही त्रास देतो, कारण उष्णतेने सिमेंट लवकर घट्ट होते. कुपी हवाबंद पाकिटात असते. ज्या वेळी लागेल, त्याच वेळी पाकीट फोडायचे. बाकीच्या कुप्या कोरड्या आणि थंड जागी सुरक्षित राहतात.

मग सगळेच दवाखाने कुप्या का वापरत नाहीत? कारणे साधी आहेत. कुपी महाग पडते. ती हलवायला यंत्र लागते आणि यंत्राला वीज लागते. पावसाळ्यात वीज गेली, की यंत्र थांबते. शिवाय कुपीतले उरलेले साहित्य पुढच्या रोग्यासाठी ठेवता येत नाही. म्हणून लहान गावांत पूड आणि द्रव यांच्या बाटल्याही वापरतात. त्यात कमीपणा नाही. काळजीपूर्वक मापले आणि नीट कालवले, तर हाताने बनवलेले सिमेंटही चांगले काम देते. आफ्रिकेतील टांझानिया देशात १९८० नंतरच्या दशकात डॉक्टरांनी विजेशिवाय, केवळ हातातल्या अवजारांनी कीड काढून दात भरण्याची पद्धत सुरू केली. आज ती अनेक देशांत वापरतात.

पाऱ्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. जपानमध्ये मिनामाता नावाचे किनाऱ्यावरचे गाव आहे. तेथील एका रासायनिक कारखान्याचे पाणी समुद्रात सोडले जात होते. त्या पाण्यातील पारा माशांत गेला आणि माशांतून माणसांच्या शरीरात. हातपाय थरथरणे, बोलणे अडखळणे, नजर कमी होणे अशी दुखणी लोकांना जडली. १९५६ मध्ये हा आजार उघडकीस आला. अनेकांचे प्राण गेले. आपणही किनाऱ्याजवळ राहतो, मासळी खातो. कोकणातील ओढे आणि नद्या शेवटी अरबी समुद्रालाच मिळतात. म्हणून ही गोष्ट आपल्याला परकी नाही.

पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठी २०१३ मध्ये जगातील देशांनी एक करार केला. त्याला त्या गावाचेच नाव दिले आहे – मिनामाता करार. भारताने तो २०१८ मध्ये मान्य केला. दातांची चांदी वापरायचीच असेल, तर ती केवळ बंद कुपीतली असावी, हा उपाय या करारात सुचवला आहे. २०२२ मध्ये देशांनी आणखी पुढे पाऊल टाकले. बाटलीतला सुटा पारा दंतवैद्यांनी वापरू नये आणि पंधरा वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया व अंगावर पाजणाऱ्या माता यांच्या दातांत चांदी भरणे टाळावे, असे ठरले. २०२५ मध्ये २०३४ पर्यंत हा वापर पूर्ण थांबवण्याचे ठरले. ज्यांच्या दातांत आधीच चांदी भरलेली आहे, त्यांनी घाबरून ती काढू नये. ती चांगली असेल, तर राहू द्यावी. उलट, उकरून काढतानाच पाऱ्याची वाफ जास्त निघते.

वापरलेल्या कुपीतही थोडा पारा चिकटून राहतो. ती साध्या कचऱ्यात टाकली किंवा जाळली, तर तो पारा हवेत आणि पाण्यात जातो. म्हणून अशा कुप्या घट्ट झाकणाच्या बरणीत वेगळ्या जमा करायच्या असतात. कुपीने रोग्याचे काम केले. पण तिची जबाबदारी तेथे संपत नाही.

आपल्या देशात दंतवैद्यक शिकवण्याचा पाया कोणी घातला, हेही लक्षात ठेवा. डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी अमेरिकेत शिक्षण घेतले आणि १९२० मध्ये कलकत्त्याला भारतातील पहिले दंत महाविद्यालय काढले. दात भरण्याच्या शास्त्रावर विद्यार्थ्यांसाठी त्यांनी १९२८ मध्ये पुस्तक लिहिले. भारत सरकारने १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले. २४ डिसेंबर हा त्यांचा जन्मदिवस देशात दंतवैद्य दिन म्हणून पाळला जातो.

मुलांनो, कुपी कितीही चांगली असली, तरी ती वापरण्याची वेळच येऊ नये, हे सर्वांत चांगले. रात्री झोपण्यापूर्वी दात घासा. तुम्ही ब्रश वापरा किंवा मिसवाक. दात रोज आणि नीट साफ झाले पाहिजेत. काही घरांत दातांना मशेरी लावतात. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. तिने दात स्वच्छ होत नाहीत; उलट हिरड्या खराब होतात आणि तोंडाचा कर्करोगही होऊ शकतो. गोड खाल्ल्यावर चूळ भरा. आणि दातावर काळा ठिपका दिसला, तर ठणका लागण्याची वाट पाहू नका. ठिपका लहान असताना लहान कुपीत काम भागते.

शब्दार्थ
कुपी – छोटी बंद बाटली. खल – घोटण्याचे भांडे. कथील – एक पांढरा मऊ धातू. एकजीव होणे – पूर्णपणे मिसळणे. हवाबंद – हवा आत न जाणारे. ठणका – सतत होणारी तीव्र वेदना.

स्वाध्याय
१. दाताला खड्डा कसा पडतो, ते तीन-चार वाक्यांत लिहा.
२. खल घोटणाऱ्या मदतनिसाला रोग्यापेक्षा जास्त धोका का होता?
३. कुपीचे दोन फायदे आणि दोन अडचणी सांगा.
४. ‘हात रोज सारखा चालत नाही’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
५. करून पाहा : दोन वाट्यांत सारखे प्लास्टर ऑफ पॅरिस घ्या. एकीत कमी आणि दुसरीत जास्त पाणी घालून काडीने कालवा. दुसऱ्या दिवशी कोणते अधिक कठीण झाले, ते पाहा आणि वहीत लिहा.