आठ हजार मीटरच्या वर

एव्हरेस्टच्या माथ्यावरही हवेतल्या ऑक्सिजनचं प्रमाण २१ टक्केच असतं. घटतो तो हवेचा दाब. ८,८४९ मीटरवर तो समुद्रसपाटीच्या जेमतेम एक तृतीयांश उरतो आणि फुप्फुसातून रक्तात पुरेसा ऑक्सिजन शिरतच नाही.

२००७ मध्ये ब्रिटिश डॉक्टरांच्या पथकाने शिखरावरून उतरताना ८,४०० मीटरवर थांबून, त्या थंडीत कपडे सैल करून, जांघेतल्या धमनीतून रक्त काढलं. शेर्पांनी ते नमुने घाईने ६,४०० मीटरवरच्या छावणीत पोचवले. धमनीतल्या ऑक्सिजनचा दाब निरोगी माणसात पाऱ्याच्या ८० ते १०० मिलिमीटर असतो. इथे तो सरासरी २५ च्या आसपास भरला. एरवी इतक्या कमी दाबाला माणूस बेशुद्ध पडेल. हे डॉक्टर मात्र चालत होते, कारण आठवडेच्या आठवडे टप्प्याटप्प्याने चढताना त्यांचा श्वास वाढला होता, तांबड्या पेशीही वाढल्या होत्या. शरीराची ही ताकद थक्क करणारी आहे.

पण ८,००० मीटरच्या वर तीही पुरत नाही. भूक मरते, झोप उडते, स्नायू झिजतात. सर्वांत घातक म्हणजे बुद्धी मंदावते. मेंदूला सूज आलेला गिर्यारोहक झोकांड्या खात असतानाही ‘मी ठीक आहे’ म्हणतो. सोबत्याने त्याचं मुळीच ऐकू नये. ऑक्सिजन आणि औषधं थोडा वेळ मिळवून देतात. खरा उपाय त्याला तातडीने खाली उतरवणं हाच.